पट्टा किती इंचांचा घ्यावा

उत्तर ऑन्टारिओ, कॅनडा
१५ सप्टेंबर २०२४

तीर्थरूप अब्बांस,
नबिलाचा सलाम. वि. वि.

फोनवर विचारलं असतं, पण मशीनची गोष्ट कागदावरच हवी हा तुमचा नियम. गॅरेजमध्ये आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तुम्ही आधी जॉब कार्ड भरायला लावता. डावीकडे त्याचं म्हणणं, उजवीकडे तुमचं, खाली तुमची सही. तेव्हा मीही गिऱ्हाईक म्हणून लिहिते आहे आणि कागदाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकते आहे. शुद्धलेखनाला हसू नका. अजमानमध्ये वाढलेल्या मुलीला तुम्ही घरी बसवून दापोलीच्या शाळेचं मराठी शिकवलंत, त्यातलं जेवढं उरलं तेवढं हे.

तर मला स्नोमोबाईल घ्यायची आहे. म्हणजे बर्फावरची मोटारसायकलच. पुढे दोन स्की, मागे चाकाऐवजी गोल फिरणारा रबरी पट्टा. मागच्या हिवाळ्यात मी हॉस्पिटलची फार्मसी आणि माझी खोली सोडून काही पाहिलं नाही. जानेवारीतला एक शनिवार-रविवार असा गेला की दोन दिवसांत मी कोणाशी एक शब्दही बोलले नव्हते. सोमवारी पहिल्या पेशंटशी बोलताना आवाजच फुटेना. अब्बा, मी फार एकटी पडले होते, तुम्हाला सांगितलं नाही. इथली माणसं हिवाळ्यात ह्या गाड्या घेऊन रानातल्या वाटांवर जातात. क्लबवाले त्या वाटा रोज रोलरने दाबून ठेवतात. अरुंद वाटा, दोन्ही बाजूंना झाडं, आणि सारखी वळणं.

प्रश्न पट्ट्याचा आहे. सबंध पट्टा सरळ केला तर जेवढा भरेल ती त्याची लांबी. दुकानात १२९ इंची आणि १३७ इंची आहेत. १४६ इंची हवा असेल तर आता पुढच्या वर्षीच मिळेल. दुकानदार म्हणतो, दाबलेल्या वाटेला पहिल्या दोनपैकी एक घे. आमच्या एक्स-रे विभागातला नीरवही तेच म्हणतो. (अम्मीला सांगा, नीरवला बायको आहे आणि दोन मुलं.) पण मला तुमचं ऐकायचं आहे.

हॉस्पिटल तीन वर्षांचं नवं कॉन्ट्रॅक्ट देतंय. जानेवारीअखेर सही करायची. मी अजून ठरवलेलं नाही, हा हिवाळा कसा जातो ते बघेन. गाडीची किंमत अम्मीला सांगू नका. ती आधी दिरहम करेल, मग रुपये करेल आणि मग जेवणार नाही.

तुमची माया अशीच राहू द्या.
नबिला


अजमान
२१ सप्टेंबर २०२४

चि. नबिला हिस,
अब्बांचे अनेक दुवा. विशेष.

तुझं पत्र सनइयातल्या, कारखान्यांच्या वस्तीतल्या गॅरेजमध्येच वाचलं. तीनदा वाचलं. एकटी पडलीस आणि कळवलं नाहीस, ह्याचा राग आला. अम्मीला तेवढी ओळ गाळून पत्र वाचून दाखवलं.

आता पट्ट्याचं. तीस वर्षं मी बदायरच्या लाल वाळूत फिरणाऱ्या गाड्या दुरुस्त करतो आहे. वाळूत उतरण्याआधी आपण टायरची हवा काढतो. का? चाक बसकं होतं, जमिनीवर जास्त टेकतं, गाडी रुतत नाही. जेवढी टेक लांब, तेवढी गाडी वर तरंगते. बर्फ म्हणजे तरी काय, थंड वाळूच. म्हणून तू १४६ इंचीच घे. पुढच्या वर्षी मिळणार असेल तर थांब. घाईघाईत घेतलेली मशीन मालकाला रडवते. दुकानदाराला दुकानातला माल खपवायचा असतो, त्याचं किती ऐकायचं?

एक वर्ष थांबल्याने काही बिघडत नाही. तोवर काय घडेल सांगता येत नाही. शारजाच्या ज्या फार्मसीत तू आधी होतीस, तिथल्या मैमुनाबी परवा अम्मीला करामाच्या बाजारात भेटल्या. सुके बोंबील निवडता निवडता म्हणाल्या, नबिलाची जागा अजून भरली नाही. मी फक्त कळवतो.

अम्मीचे गुडघे बरे आहेत. गरमी अजून हटत नाही. इन्शाल्ला पुढच्या महिन्यात वाळूचा सीझन सुरू होईल आणि मला मान वर करायला फुरसत मिळणार नाही.

तुझ्या खुशालीची वाट पाहणारे,
अब्बा


उत्तर ऑन्टारिओ
२४ नोव्हेंबर २०२४

तीर्थरूप अब्बांस,
सलाम. वि. वि.

यल्ला, आनंदाची बातमी. पुढच्या वर्षापर्यंत थांबावं लागलं नाही. गावातलं एक म्हातारं जोडपं इथलं घर विकून मुलाकडे निघालंय, त्यांच्याकडे दोनच वर्षं वापरलेली गाडी मिळाली. पट्टा बरोबर १४६ इंची! दुकानदाराने डोळे मोठे केले. नीरवने तर मला वेड्यात काढलं. मी दोघांनाही सांगितलं की माझ्या अब्बांनी तीस वर्षांत एकाही गिऱ्हाइकाला चुकीचं सांगितलेलं नाही आणि ते माझ्यापासून सुरुवात करणार नाहीत.

काल तळ्याकाठच्या मोकळ्या मैदानात पहिल्यांदा चालवली. ताजा बर्फ मांडीएवढा होता, आणि गाडी त्यावरून होडीसारखी गेली. मी हेल्मेटच्या आत मोठमोठ्याने हसत होते. असं हसून किती महिने झाले होते कोण जाणे. क्लबच्या वाटा दोन आठवड्यांनी उघडतील.

तुमचं पत्र जॉब कार्डासारखं कपाटावर चिकटवलं आहे. खाली सही आहे ना, मग खलास, वाद संपला.

अम्मीला पापा.
नबिला


अजमान
२६ नोव्हेंबर २०२४

चि. नबिला हिस,
अ. दु. विशेष.

गाडी घेतलीस, मुबारक. एवढ्या लवकर मिळेल असं वाटलं नव्हतं.

वाटा उघडल्या तरी लगेच जायलाच हवं असं नाही. मोकळ्या मैदानात चालव. वळण आलं की आधीच वेग कमी कर. एकटी जाऊ नकोस. नीरवला काही म्हणायचं असेल तर ऐकून घे, तो तिथला माणूस आहे. वळणावर गाडी कशी वागते ते मला ताबडतोब कळव. दोन दिवस माझं कामात लक्ष लागत नाही, काल एका गाडीचं ऑइल काढलं आणि नवं भरायचं विसरलो. माझ्या हातून असं कधी झालेलं नाही. अम्मी म्हणते साखर तपासून घ्या.

जपून राहा.
अब्बा


उत्तर ऑन्टारिओ
५ जानेवारी २०२५

तीर्थरूप अब्बांस,
सलाम. वि. वि.

आधी हे सांगते की मला काही झालेलं नाही. उजव्या खांद्यावर एक निळा डाग आहे, तो आठवड्यात जाईल.

क्लबच्या वाटांवर मी आतापर्यंत सहा वेळा गेले. सरळ रस्त्यावर सगळं ठीक. वळण आलं की मी हँडल फिरवते, स्की फिरतात, पण मागचा पट्टा मला सरळच ढकलत नेतो. तुम्ही लिहिल्याप्रमाणे वेग कमी केला, अंग झुकवलं, सगळं केलं. काल तिसऱ्या वळणावर गाडी वाट सोडून झुडपांत शिरली. समोर मोठं झाड होतं, ते हातभर लांब राहिलं. माझ्यामागून दहा-बारा वर्षांची एक मुलगी आली, तेच वळण गोल फिरून गेली आणि मला हात करून गेली.

नीरवने मला बाहेर ओढलं आणि म्हणाला की ह्या वाटेला हा पट्टा चालत नाही. मी त्याच्यावर ओरडले. त्याला म्हटलं की दोष पट्ट्याचा नाही, माझा आहे, मला चालवता येत नाही. मग त्याच्यासमोर रडले, त्याचीच फार लाज वाटली.

रात्रभर विचार केला अब्बा. कदाचित ही जागाच माझी नाही. इथल्या मुलींना जे दहाव्या वर्षी जमतं ते मला अठ्ठाविसाव्या वर्षी जमत नाही. गाडी विकून टाकते. कॉन्ट्रॅक्टवरही सही करावीशी वाटत नाही. मैमुनाबींकडची माझी जागा अजून रिकामी आहे का, अम्मीला विचारायला सांगा.

तुमची,
नबिला


अजमान
८ जानेवारी २०२५

चि. नबिला हिस,
अ. दु. विशेष.

तुझं पत्र अम्मीला वाचून दाखवलं. तिने उठून आधी शुक्राची, आभाराची नमाज पढली आणि मग तुझ्या खोलीतली शिलाई मशीन हलवायला काढली. मैमुनाबींना फोन झाला. जागा रिकामी आहे. रत्नागिरीला तुझ्या मामूलासुद्धा कळवून झालं. तीन दिवस घरात ईद आहे आणि मला घरात बसवत नाही. गॅरेजमध्ये जातो, पाना हातात घेतो, खाली ठेवतो, पुन्हा घरी येतो. काल समुद्राकाठी कॉर्निशवर ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चारदा चाललो. आता लिहितो. हे अम्मीला वाचून दाखवलेलं नाही.

नबिला, तुला चालवता येतं. दोष पट्ट्याचा आहे, आणि तो पट्टा मी सांगितला.

माझ्याबरोबर काम करणारा जहूर तुला माहीत आहे, बारामुल्ल्याचा. त्याचा भाऊ गुलमर्गला बर्फावरच्या ह्याच गाड्या चालवतो. सप्टेंबरात तुझं पत्र आलं त्याच दुपारी मी जहूरला विचारलं. त्याने भावाला फोन लावून दिला. भाऊ म्हणाला की ताज्या, खोल बर्फात लांब पट्टा, दाबलेल्या वाटेवर आखूड. लांब पट्टा वळायला मागत नाही, सरळ धावतो. मला दोन मिनिटांत पटलं. वाळूतही तेच आहे. हवा काढलेली गाडी ढिगाऱ्यावर चढते, पण तशीच डांबरी रस्त्यावर वळवली तर टायर निखळतं. हे मी रोज गिऱ्हाइकांना सांगतो. तुला अर्धंच सांगितलं.

का, तेही लिहितो. तू लिहिलं होतंस की १४६ इंची पुढच्या वर्षीच मिळेल. मी हिशेब केला की गाडी नसली तर हिवाळा मागच्यासारखाच जाईल, तू कंटाळशील, सही करणार नाहीस, घरी येशील. तू दोन दिवस कोणाशी बोलली नव्हतीस हे वाचून मला वाईट वाटलं, आणि त्याच एकटेपणाच्या जोरावर मी तुला परत आणायला निघालो. गॅरेजचा मालक माझा व्हिसा अजून एकदाच वाढवणार आहे. नंतर आम्ही दोघं दापोलीला जाऊ. तू शारजात नोकरीला असतीस तर तुझ्या व्हिसावर तिघं काही वर्षं इथेच एका घरात राहिलो असतो, एवढाच माझा विचार होता. तू ती गाडी जुन्यात शोधून काढशील हे माझ्या डोक्यात आलं नाही. तू गाडी घेतल्याचं कळलं तेव्हाही मी खरं लिहिलं नाही, जपून चालव म्हणून लिहिलं. झाड हातभर लांब होतं म्हणतेस. तीन दिवस मला ते झाडच दिसतं आहे.

गप्प बसलो असतो तर तू आली असतीस. पण आयुष्यभर तुला वाटत राहिलं असतं की तुला जमलं नाही. ते मला सहन होणार नाही.

आता खरं उत्तर. १२९ किंवा १३७. आखूड पट्टा वळणात चपळ. १३७ खड्ड्यांवरून सलग जातो, पाठीला आराम देतो. दोन्ही गाड्यांवर बस, वळणावर चालवून बघ आणि तूच ठरव. नीरवची माफी माग, माझ्यातर्फेही माग. सही करायची की नाही त्याबद्दल मी काही लिहीत नाही. माझ्या सल्ल्यावर तू आता का विश्वास ठेवावास?

माफ करता आलं तर कर.
अब्बा


उत्तर ऑन्टारिओ
२ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप अब्बांस,
सलाम. वि. वि.

तीन आठवडे फोन उचलला नाही कारण मी खूप चिडले होते. अजून आहे. आधीचं तुमचं पत्र कपाटावरून काढून फाडलं. नीरवला सगळं सांगितलं. त्याला तुमचा राग येईल असं वाटलं होतं, पण तो म्हणाला की त्याच्या वडिलांनी नडियादला त्याचा पासपोर्ट दोन महिने लपवून ठेवला होता.

गाडी बदलली. १३७ घेतली. शनिवारी दुपारपर्यंत इतकी माणसं वाटेवरून जातात की वाट खाचखळग्यांची होते, आणि १२९ वर माझे दात वाजत होते. त्या तिसऱ्या वळणावरून काल अकरा वेळा गेले. अकराही वेळा गाडी वळली. शेवटच्या वेळी मी वेगसुद्धा फार कमी केला नव्हता.

एकतीस तारखेला सही केली. तीन वर्षं. अम्मीला मीच फोन करून सांगेन, तुम्ही सांगू नका. ती रडेल, रडू दे.

एकच विनंती आहे अब्बा. पट्टा, हवा, मैमुनाबी, बोंबील, काय काय लिहिलंत तुम्ही. मी परत यावं असं तुम्हाला वाटत होतं तर तसं एकदाही लिहिलं नाहीत. मी नाही म्हटलं असतं बहुतेक. पण वाचायला मिळालं असतं.

रागावलेली आणि तुमचीच,
नबिला


अजमान
३ फेब्रुवारी २०२५

चि. नबिला हिस,
अ. दु. विशेष.

तू परत यावीस असं मला वाटतं. रोज वाटतं. तीन वर्षं फार आहेत, तोवर मी चौसष्टचा होईन. सकाळी चहा ओततो तेव्हा अजून तीन कप काढतो.

सही केलीस ते बरोबर केलंस.

तुझे,
अब्बा