साक्ष द्यायचं पक्कं

३ जून, सोमवार. पहाटे ५.१०
आजपासून रोजनिशी. वाचणारे दोघेच, मी आणि परमेश्वर. त्यामुळे खोटं लिहायची सोय नाही. संकल्प: रोज पहाटे अर्धा तास गुडघ्यांवर प्रार्थना. रागावर ताबा. आणि सोळा तारखेला, साक्षीच्या रविवारी, देवाने माझ्या आयुष्यात काय काय केलं याची अशी साक्ष द्यायची की बाकांवर डुलक्या काढणाऱ्यांची झोप कायमची उडावी. चर्चच्या पाळकसाहेबांनी सातच मिनिटं दिलीत. देवाने माझ्यासाठी केलेलं सात मिनिटांत मावत नाही.
आजची प्रार्थना सहा मिनिटं. गुडघा दुखला.

४ जून, मंगळवार
छापखान्यात अपघात. कटिंग मशीनवरच्या माणसाची उजव्या हाताची दोन बोटं गेली. आमच्याच मंडळीतला; शेवटच्या बाकावर बसतो, गाणी बेसूर म्हणतो. मशीनच्या पात्यापुढची संरक्षक जाळी काढलेली होती. कुणी काढली, हा प्रश्न आज नको. सुपरवायझर या नात्याने मी ताबडतोब योग्य ते केलं: सगळ्यांना थांबवून मोठ्याने प्रार्थना. कँटीनच्या मावशींनी त्याचा हात टॉवेलात गुंडाळला, गाडी थांबवली आणि मला म्हणाल्या, डोळे उघडा आणि दार धरा. या बाईंच्या तोंडी देवाचं नाव कधी येत नाही, शिव्या तेवढ्या येतात. त्यांच्यासाठीही प्रार्थना करायचं ठरवलं.

६ जून, गुरुवार
मंडळीच्या आवारात कटिंगवाल्याची बायको भेटली. म्हणाली, दादा, साक्ष द्याल ना? मी म्हणालो, वहिनी, हे काय विचारणं झालं? साक्ष म्हणजे माझा प्राण! तिच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही. माझ्या साक्षीची कुणी इतकी वाट बघत असेल असं वाटलं नव्हतं. म्हणाली, तेराला आहे. मी सुधारलं: सोळाला. ती म्हणाली, नाही हो दादा, चौकशी तेराला आहे, छापखान्यात, साहेबांच्या खोलीत.
अच्छा. ती साक्ष.

७ जून, शुक्रवार
कंपनी म्हणते, घाईघाईत काम उरकायला जाळी त्यानेच काढली. तसं ठरलं तर नोकरी जाणार आणि ‘स्वतःच्या बेफिकिरीमुळे’ हा शेरा जन्मभर चिकटणार. आठ बोटांच्या माणसाला त्या शेऱ्यासकट दारात कोण उभं करील?
खरं म्हणजे ऑर्डर अडली म्हणून सोमवारी दुपारी साहेबांनीच जाळी काढायला लावली. तिथे आम्ही तिघेच होतो: साहेब, तो आणि मी. चहा ठेवायला मावशी आल्या होत्या, पण त्यांना कोण मोजतं? मी फक्त पाना दिला. पाना देणं आणि जाळी काढणं यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे.
खरं बोलायचं. पक्कं.

८ जून, शनिवार
साहेबांनी बोलावलं. नऊ वर्षांत पहिल्यांदा खुर्ची दिली. म्हणाले, तुम्ही धार्मिक माणूस, तुमच्या शब्दाला वजन आहे. म्हणून तो जपून वापरा. बाहेर पडताना वाटलं, देव कुणाच्या तोंडून बोलेल, नेम नाही. प्रार्थनेची वेळ वाढवून एक तास केली. (प्रत्यक्षात अकरा मिनिटं.)

९ जून, रविवार
पाळकसाहेब आज पेटले होते. म्हणाले, आमेन म्हणायला जीभ पुरते, आमेन जगायला कणा लागतो. तुम्ही देवाला इथे बाकांवर शोधता, आणि तो बाहेर उभा आहे, ज्याला तुम्ही ढकलून दिलंत त्याच्या शेजारी! फार सुंदर. वहीत उतरवून घेतलं. माझ्या साक्षीत शोभेल. ज्यांनी ऐकायला हवं होतं ते नेमके आले नव्हते.
घरी ही म्हणाली, तेराला जाताय ना? मी म्हणालो, देवाचं उत्तर यायचंय. ही म्हणाली, पाना देताना विचारलं होतंत का त्याला?
रागावर ताबा ठेवला. ताट जरा जोरात ठेवलं, इतकंच.

११ जून, मंगळवार
मार्ग सापडला! तेराला कडक उपास करून, त्या माणसाला न्याय मिळावा म्हणून दिवसभर एकांतात प्रार्थना करणार. रजेचा अर्ज दिला. साहेबांनी न वाचताच सही केली. मार्ग बरोबर असल्याची खूण. वहिनींना निरोप धाडला: देहाने नसलो तरी आत्म्याने हजर आहे. उत्तर आलं: दादा, तिथे आत्म्याची सही चालत नाही.

१३ जून, गुरुवार. सकाळी ११.००
चौकशी सुरू झाली असेल. गुडघ्यांवर आहे. छाती धडधडते. आत्म्याचा संचार असावा.
११.२०. अजून धडधडते.
११.४०. ही दारात उभी. म्हणाली, चालत गेलात तरी दहाच मिनिटं लागतील. मी डोळे घट्ट मिटले.
१२.१५. बूट घातले.
१२.२०. काढले. उपाशीपोटी उन्हात चालू नये.
१२.३०. जेवलो.

१४ जून, शुक्रवार
त्याची नोकरी वाचली! शेरा नाही! प्रार्थना फळली, असं मी मशीनवाल्यांना सांगितलं. कुणी मान वर केली नाही.
मग कळलं. काल मावशी न बोलावता आत घुसल्या. बाहेरून आलेल्या चौकशी अधिकाऱ्याला म्हणाल्या, लिहा. जाळी काढायला या साहेबांनी सांगितलं, पाना त्या देवमाणसाने दिला, आणि चहाचा ट्रे माझ्या हातात होता. अधिकाऱ्याने शब्द न् शब्द लिहिला. साहेबांनी संध्याकाळी मावशींना सांगितलं, उद्यापासून येऊ नका. जाताना त्यांनी साहेबांना एक शिवी घातली म्हणे. कुठली, ते मला कुणी सांगेना.
कँटीनला कुलूप. मावशींना भेटायला जायला हवं. उद्याच. उद्या साक्षीची तालीम आहे, मग परवा.

१६ जून, रविवार
व्यासपीठावर चढलो. हातात बावीस पानं. पहिलं वाक्य होतं, ‘बंधुभगिनींनो, मी साक्षीदार आहे.’ ‘मी’ म्हणालो. शेवटच्या बाकावर तो बसला होता, बायकोसह. घसा बिघडला असं सांगून खाली उतरलो. सात मिनिटांतली सव्वासहा उरली.
उपासना संपल्यावर तो स्वतः माझ्याकडे आला. सवयीने मी उजवा हात पुढे केला. त्याचा उजवा बँडेजमध्ये. मग त्याने डावा हात माझ्या हातात दिला. म्हणाला, दादा, आम्ही आत्ताच मावशींकडे निघालोय, कुठे काम मिळतं का ते त्यांच्याबरोबर फिरून बघायला. येता?
मी म्हणालो, प्रार्थना करून कळवतो.
त्याने हळूच हात काढून घेतला.