बाळापूरचे एकेचाळीस फोटो

प्रिय किशोर,

फोन केला का तू मीटिंगमध्ये राहते, म्हणून कागद घेतला. कागदाले 'नंतर करतो' म्हणता येत नाही. सातवीपर्यंत शिकलेल्या बाईचं अक्षर आहे, हसशील त हस. तुहे बाबा याले कोंबडीचे पाय म्हणत, आता ते नाहीत त तेवढं काम तू कर. तुले माईत असलेल्या गोष्टीही लिहून राहिली आहे, कारण हा मजकूर आणखी एकजण वाचणार आहे. कोण, ते शेवटी.

आमच्या संस्थेची डोळे तपासायची गाडी अकोल्याहून गावोगाव जाते. मी पेशंटच्या डोळ्यात थेंब टाकते अन् म्हाताऱ्यायले चिडवून चिडवून गप्प बसवते. बाळापूरची उज्मा मशीनवर डोळ्याच्या आतला फोटो काढते. तू लिहिलेला प्रोग्राम गावाच्या नावाचं फोल्डर बनवून त्यात ते फोटो ठेवते. अमरावतीचे डॉक्टर फोटो पाहून, ज्याच्या डोळ्यात खराबी दिसली त्यालेच चिठ्ठी धाडतात.

तीन हप्त्यामागं बाळापूरले एकेचाळीस माणसं झाली. स्क्रीनवर हिरव्या अक्षरात आलं, 'एकेचाळीस फोटो जमा'. उज्मानं तेच रजिस्टरात उतरवलं, आमी डबे खाल्ले अन् परत आलो. तिथल्या अब्दुल रहीम चाचाले शुगर आहे. चिठ्ठी आली नाही म्हणून तो मोहल्ल्यात सांगत फिरला, माहे डोळे चितळावानी आहेत. अन् गेल्या सोमवारी तोच दफ्तरात आला, भिंत धरून धरून. उजव्या डोळ्यापुढं जाळं आलं म्हणे. डॉक्टरायले फोन लावला, त त्यायच्यापासी बाळापूरचा एकही फोटो नाही. आमच्या लॅपटॉपमध्येही नाही.

चाचाले त्याच दिवशी अमरावतीले धाडलं. बाकीच्या चाळीसायले परत बोलवाले मी दारोदार फिरून राहिली आहे. पण संस्थेच्या साहेबाले हे कोणाच्या तरी गळ्यात घालाचं होतं. उज्मानं फोटो पुसले, असं ठरलं. वरून तुहा कागद आला: 'प्रोग्राममध्ये कोणतीही एरर आलेली नाही. ऑपरेटरची चूक असावी.' दोन ओळी, बेटा. पोरगी पाह्याले गेला होता तवाही यापेक्षा जास्त बोलला होता तू. आता येत्या सोमवारी अकरा वाजता उज्मानं मशीन सोपवाची अन् घरी जायाचं. पहिली नोकरी आहे तिची. तिची माय गुलनार परवा माह्या दारात उभी राहिली, पानीही घेतलं नाही. एवढंच विचारलं, 'सुभद्राबाई, मेरी लडकी झूट बोलती क्या?'

मंग मले तुही दिवाळी आठवली. अनरसे खात खात तू शेखी मिरवून राहिला होता. फोल्डर आधीचंच असलं का कॉम्प्युटर तक्रार करते, म्हणून तुनं त्याचं तोंडच बंद करून टाकलं. तक्रार आली का समजाचं फोल्डर आहे, अन् चाला पुढं. मी कौतुकानं आणखी एक अनरसा वाढला. थापड वाढाले पाहिजे होती. दहा वर्षाचा होता तवाही तू असाच होता. बाबायनं विचारलं, तुरीसाठी कोठी ठेवली काय रे? तू दारातूनच डोकावला अन् म्हणाला, आहे. त्यायनं अख्खं पोतं ओतलं. ते होतं कोंबड्या झाकायचं बिनबुडाचं पिंप! महिनाभर आमी मातीतली तूर निवडून राहिलो होतो. तूर निदान दिसली तरी. फोटो कुठं सांडले ते दिसतही नाही.

काल साहेबाले विचारून आपल्या गल्लीतल्या शाकीबले दफ्तरात नेलं. कॉम्प्युटरचं काम करते तो. त्यानं लॅपटॉप उघडला, तुहा प्रोग्राम वाचला अन् डोक्याले हात लावला. बाकी साऱ्या गावायची फोल्डरं रांगेनं होती, बाळापूरचं नव्हतं. त्या जागी बाळापूर नावाची साधी फाईल होती, दोन ओळीची. त्या नावाची फाईल आधीच बसलेली, म्हणून फोल्डर बनलं नाही. कॉम्प्युटर बोंबलला, तुह्या प्रोग्रामनं ऐकलं नाही, अन् नसलेल्या फोल्डरात एकामागून एक फोटो टाकत गेला. हिरवी अक्षरं त काढलेले फोटो मोजत होती, ठेवलेले नाही. शाकीब म्हणाला, चार ओळीचा इलाज होता. फोल्डर बनलं नाही त काहून नाही, ते विचाराचं. 'आधीच आहे' असं उत्तर आलं त ते फोल्डरच आहे का, ते पाह्याचं. दुसरंच काही असलं, जागा भरली असली, परवानगी नसली, त तिथंच थांबाचं अन् माणसाले सांगाचं. तसं झालं असतं त पहिल्याच पेशंटले उज्मा थांबली असती.

मंग त्यानं विचारलं, ही फाईल कोणाची? उज्मा माह्या बाजूले बसली होती. तिले माईत होतं. ती आपली नखं पाहत राहिली. नोकरी जाऊन राहिली होती तरी नाव नाही घेतलं पोरीनं.

फाईल माही आहे, किशोर. बाळापूरच्या आदल्या दिवशी उज्मा मले टाईप कराले शिकवून राहिली होती. मी तिची मस्करी टाईप केली, का बाळापूरच्या पोरी फोटो झकास काढतात पण चहा पांचट करतात. वर गावाचं नाव देऊन फोल्डरायच्या रांगेतच ठेवून दिली. आमी दोघी पोट धरून हसलो, अन् पुसाची राहून गेली. काल शाकीबपुढं माही जीभ उचलली नाही. म्हणून घरी येऊन हे लिहून राहिली. याच मजकुराची दुसरी प्रत सोमवारी साडेदहाले साहेबाच्या टेबलावर राहीन. माही नोकरी गेली त जावो, थेंब टाकाले दुसरी बाई भेटते. तुही प्रत धर्मपाल ड्रायव्हरच्या हाती धाडली आहे, म्हणजे भेटली नाही असं म्हणता येणार नाही. साहेबाच्या प्रतीवर माही सही झाली आहे. तिच्याखाली आणखी एका सहीची जागा सोडली आहे, अन् ती उज्माची नाही. तू राहते त्या अमरावतीहून अकोल्याले दोन घंटे लागतात. सोमवारी सकाळी निघ.

तुहीच आई,
सुभद्रा देवराव गावंडे