गाडी धक्क्यावरच आहे

तेरुआकी,

तुझी गाडी धक्क्यावरच आहे. किल्ली तुझ्या खिशात, त्यामुळे "ताई, कुणाच्या तरी हाती गाडी पाठवून दे" हा तुझा निरोप ऐकून इथे सगळे पोट धरून हसले.

पूल झाला तेव्हा सभेत तूच म्हणालास, "आता बोट कशाला? प्रत्येकाकडे गाडी आहे." आईकडे नाही. समोरच्या काठावरच्या दवाखान्यात ती बोटीने पाच मिनिटांत जायची. पूल बेटाच्या पार दुसऱ्या टोकाला आहे, पण ते तुला कसं कळणार, तू इथे राहतोस कुठे?

बोट बंद होण्याआधीच्या शेवटच्या फेरीला मात्र आलास, पुलावरून, नवी गाडी मिरवत. बोटीत चढून निरोपाच्या रंगीत कागदी फितीचं एक टोक धरलंस, दुसरं धक्क्यावर आईकडे फेकलंस आणि फोटोपुरता रडलास. फीत तुटेपर्यंत आईने हात वर धरला होता.

बोट सुटताना तिने मला हळूच विचारलं, "हा परत कशाने येणार गं?"

मी म्हटलं, "त्याला सगळं कळतं, आई."

हे पत्र मी टाकणार नाही. वाचून तू आणखी एक भाषण ठोकशील. गाडीच्या टपावर आईने खायचं समुद्री शेवाळ वाळत घातलंय. उद्या तिची दवाखान्याची तारीख आहे. मी टॅक्सी सांगते म्हटलं, तर नको म्हणाली. सकाळी आवरून, पिशवी घेऊन ती गाडीशेजारी बसणार आहे.

"गाडीसाठी तरी तो येईलच," म्हणते.

तुझी थोरली बहीण,
मित्सुए