नेफ्यात शिवलेली माउली

मेदेयीन, सोमवार

प्रिय नूबिया,

मोठ्या हृदयाच्या नवऱ्याचा सप्रेम नमस्कार. माझं हृदय मोठं झालंय हे इथल्या डॉक्टरांनी सचित्र सिद्ध केलं. तू तीस वर्षं उलटच सांगत आलीस.

हृदयाच्या एमआरआयला अंगावर धातू चालत नाही. मी दोनदा शपथेवर नाही म्हटलं, आणि धातू शोधणारी कांडी माझ्या कमरेशी किंचाळली. चड्डीचा नेफा उसवला, तर आत कार्मेनच्या मेरीमाउलीचं पदक. यंत्रावरची मुलगी हसली. "काकूंनी शिवलं ना? माझी आईपण हेच करते, काका."

चित्रात हृदयाच्या स्नायूवर व्रण थोडेच दिसले. म्हणजे गळकी झडप दुरुस्त केल्यावर हृदय पुन्हा जोर धरण्याचा संभव बराच आहे, असं डॉक्टर म्हणाले. बराच म्हणजे किती, हे मी विचारलं नाही. तूही विचारू नकोस.

कॉफी तोडायला माणसं मिळाली का? उतारावर एकटी जाऊ नकोस.

शस्त्रक्रिया गुरुवारी आहे. तिथे माउलीलाही मज्जाव, म्हणून ती या पाकिटातून बसवाल्याच्या हाती पाठवतो आहे. तोवर तू गळ्यात घाल. मी आलो की पुन्हा शिवून दे. या खेपेस मी नेफा स्वतःच धरून बसेन.

तुझाच, अजून तरी गळका,
एलिसेओ