बारा जानेवारीला आपोलिन येणार

रविवार, १५ सप्टेंबर

४–१! चषकाची पहिली फेरी पार. पलीकडच्या गावच्या पोरी नऊच आल्या होत्या — दोघी म्हणे लग्नाला गेलेल्या — पण जिंकलो ते जिंकलो. एदमोंने सगळ्यांना बिअर पाजली. क्लबचा सेक्रेटरी तोच, मैदानावर चुन्याच्या रेषा आखणारा तोच, मिनीबस हाकणाराही तोच. वय एकाहत्तर.

छत्तिसाव्या वर्षी गोलात उभं राहायचं म्हणजे गुडघे बोलायला लागतात. ग्लादिस म्हणते, "तुझे गुडघे इतके कुरकुरतात ल्युदी, समोरच्यांना डोळे मिटूनही कळेल तू कुठे आहेस." ही माझ्यापुढे बचावाला उभी असते, वय एकेचाळीस, दोन मिनिटं पळाली की कमरेवर हात. तिने बोलावं!

अजून तीन फेऱ्या जिंकलो तर जानेवारीत पहिल्या दर्जाचे संघ उतरतात. म्हणजे वाल्मेर. म्हणजे आपोलिन.

वेडेपणा आहे. लिहून ठेवते आणि विसरते.

गुरुवार, १९ सप्टेंबर

आपोलिन एकोणीस वर्षांची झाली. मेसेज लिहिला — "वाढदिवसाच्या शुभेच्छा, राणी." 'राणी' पुसलं. पुन्हा घातलं. पाठवला. वाचल्याची खूण आली. पुढे काही नाही.

रविवार, ६ ऑक्टोबर

२–०. वारा असा की माझी गोलकिक मलाच परत! दोन फेऱ्या राहिल्या.

मंगळवार, ८ ऑक्टोबर

आज कामावर शेडमध्ये नवीन आलेल्या बाईने विचारलं, "ती टीव्हीवर वाल्मेरकडून डावीकडे खेळते, ती तुझी ना गं?" हो म्हटलं, आणि मान खाली घालून एंडाइव्हची पानं सोलत राहिले. ही पांढऱ्या पानांची भाजी अंधारात वाढवतात, म्हणून शेडमध्ये उजेड कमी. माझं तोंड कोणाला दिसलं नसेल.

इथे तरी खरं लिहू. आजवर कुठेच लिहिलं नाही.

सव्वादोन वर्षांपूर्वी वाल्मेरने तिला निवडलं. सोळा वर्षांची होती, म्हणून पालकाची संमती लागायची. ईमेल येतं, त्यात सही करायची, पंधरा जुलैच्या आत. पंधरा जुलैनंतर क्लब बदलला तर तो उशिराचा धरतात, आणि असे उशिराचे खेळाडू एका सामन्यात दोनच चालतात. हे फ्रान्समधल्या प्रत्येक फुटबॉलवाल्या घराला पाठ असतं. ईमेल तीन जुलैला आलं. मी उघडलं. वाचलं. बंद केलं.

सोळा जुलैला पोर स्वयंपाकघरात ढसाढसा रडत होती आणि मी तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणत होते, "आलंच नाही गं ईमेल, त्यांचंच काहीतरी चुकलं असेल." वाल्मेरकडे उशिराच्या दोघी आधीच होत्या. ते म्हणाले, पुढच्या वर्षी बघू.

सप्टेंबरात ती दातांच्या डॉक्टरची पावती शोधायला माझ्या फोनमध्ये शिरली. सापडलं तिला. ओरडली नाही. बॅग भरली आणि वाल्मेरला बापाकडे गेली. रेजिसने दार उघडलं, एवढंच त्याचं कर्तृत्व — पण उघडलं! वर्षभर तिथे नुसती सराव करत बसली आणि मग स्वतःच्या हिमतीवर संघात शिरली.

जाताना मी काय म्हटलं? "तुझ्याच भल्यासाठी केलं." थूः! भलं माझं होतं. जेवायला दोन ताटल्या मांडायची सवय मला मोडायची नव्हती.

रविवार, १७ नोव्हेंबर

१–१, मग थेट पेनल्टी. चषकात जादा वेळ नसतो. दोन अडवल्या — मी! दुसऱ्या वेळी तर चुकीच्या बाजूला पडले होते, चेंडू पायाला लागून बाहेर गेला. पोरी अंगावर येऊन पडल्या. तळाशी चेपलेली मी एकच विचार करत होते — हे तिला कळेल का? निकाल बघत असेल का ती?

एक फेरी.

रविवार, ८ डिसेंबर

१–०!! अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला शायना. सतरा वर्षांची पोर, बेकरीत शिकाऊ आहे, पहाटे चारला उठून पाव भाजते आणि तरी आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त पळते. गोल झाल्यावर एदमों मैदानात घुसला, तर पंचबाईने त्याला पिवळं कार्ड दाखवलं. म्हणाला, "फ्रेम करून लावतो."

आम्ही शेवटच्या बत्तीस संघांत. एर्वेल! नकाशावर बोट ठेवलं तर गाव बोटाखाली झाकलं जातं.

सोमवार, १६ डिसेंबर



कोण कोणाशी खेळणार त्या चिठ्ठ्यांचा कार्यक्रम क्लबच्या कॅन्टीनमध्ये सगळ्यांनी मिळून बघितला. भिंतीवर पडदा, तोही सुरकुतलेला. चिठ्ठीचा एकेक गोळा उघडत होते. मी मागे फ्रिजला टेकून उभी. काय मागायचं तेच कळेना. वाल्मेर आलं तर ती येईल. आली आणि माझ्याकडे बघितलंच नाही तर?

गोळा उघडला. एर्वेल. पुढचा उघडला. वाल्मेर.

पोरी किंचाळल्या. एवढा मोठा संघ, आणि सामना आमच्याकडे! समोरचा संघ दोन दर्जे खालचा असेल तर मोठ्यांनीच त्याच्या घरी जायचं असा या चषकाचा नियम. ग्लादिस किंचाळली नाही. माझ्याजवळ आली, म्हणाली, "बाहेर चल, हवा खा. तुझा रंग एंडाइव्हसारखा झालाय."

बारा जानेवारीला आपोलिन येणार.

बुधवार, २५ डिसेंबर

दुपारी ग्लादिसकडे जेवले. संध्याकाळी घरी. तिच्या खोलीत झाडू मारला — कशाला, कोण जाणे. ती काही राहायला येणार नाही.

गुरुवार, ९ जानेवारी

उणे सहा! मैदान दगडासारखं. महापौरबाईंनी मैदान बंदचा हुकूम काढला तर सामना वाल्मेरला जाईल, आणि मग ती इथे येणार नाही. कामावरून सुटल्यावर मालकाला म्हटलं, शेडवरची जाड कापडं रविवारपर्यंत द्या. एंडाइव्हचं काय, म्हणाला. म्हटलं, एंडाइव्ह दर वर्षी येतं. दिली बिचाऱ्याने. अख्खं गाव लोटलं. कापडं, पेंढा, जुनी पांघरुणं — पोस्टमनने तर स्वतःच्या लग्नाचा तंबू आणला!

महापौरबाई येऊन टाच मारून बघून गेल्या. "शनिवारी ठरवू."

शनिवार, ११ जानेवारी

मैदानाला परवानगी मिळाली. हे आधी लिहायला हवं होतं, पण आता त्याचा आनंद राहिलेला नाही.

दुपारी एदमों घरी आला. टोपी काढली नाही, खुर्चीत बसला नाही. याला एक खोड आहे — प्रत्येक संघाची कार्डं वहीत उतरवून ठेवतो. माशा मारण्यापेक्षा बरं, म्हणतो. मला वही दाखवली. आपोलिनला तीन महिन्यांत तीन पिवळी कार्डं. दोन पहिल्या संघात, आणि तिसरं — तिला एकदाच राखीव संघातून उतरवलं होतं, तिथलं. तीन कार्डं म्हणजे एका सामन्याची बंदी, आणि तो सामना उद्याचा. वाल्मेरच्या ऑफिसात नवीन माणूस आलाय, त्याने राखीव संघाचं कार्ड धरलंच नसणार. त्यांच्या जाहीर यादीत तिचं नाव आहे.

"कर्णधार तू आहेस," एदमों म्हणाला. "खेळ सुरू व्हायच्या आधी टॅब्लेटवर हरकत नोंदवलीस, तर मैदानात दहा गोल खाल्ले तरी कागदावर आपण जिंकलो. शेवटच्या सोळांत. एर्वेल!"

"आणि तिचं?"

"वाल्मेर बाहेर. खापर तिच्या डोक्यावर. जूनमध्ये करार संपतोय ना तिचा?"

मी वही मिटून त्याच्याकडे सरकवली.

"सामना झाल्यावर पत्रही पाठवता येतं," तो म्हणाला, "पण तोंडावर हसायचं आणि मागून पत्र लिहायचं हे आपल्या क्लबने कधी केलेलं नाही. उद्या काय ते तोंडावर." मग दाराशी थांबला. "तिसराही रस्ता आहे, पोरी. त्यांना आत्ता फोन कर. ते तिचं नाव काढतील. कोणाचंच वाईट नाही होणार. मी केला असता, पण ती तुझी मुलगी."

सरळ रस्ता तोच. फोन हातात घेतला. नंबर एदमोंने लिहूनच ठेवला होता.

पण नाव काढलं तर ती येणार नाही! जिला खेळायचं नाही तिला कशाला बसमध्ये घालतील? अडीच तासांचा रस्ता. ती वाल्मेरलाच राहील आणि मी इथे गोलात उभी राहून परक्या पोरींकडे बघत राहीन.

चार वेळा नंबर दाबला. चार वेळा पुसला. आता सात वाजलेत. त्यांचं ऑफिस बंद झालं.

पुन्हा तेच केलं मी. ठाऊक असून गप्प बसले. तेव्हा तिला जाऊ द्यायचं नव्हतं, आता यायला हवी आहे. सुधारले कुठे?

रविवार, १२ जानेवारी

०–६.

आता सगळं लिहिते.

बसमधून ती अकरावी उतरली. केस कापलेत! खांदे रुंद झालेत. कानात गाणी, नजर सरळ पुढे. मी कॅन्टीनच्या खिडकीत होते. बघितलं नाही तिने.

कपडे बदलायच्या खोलीत ग्लादिसला कोपऱ्यात घेऊन सगळं सांगितलं. तिने शिवी दिली, मग विचार केला. "मला सोळांत जायचंय गं ल्युदी. या वयात पुन्हा नाही मिळणार. पण मी शाळेत पोरांना वाढते. कागदावर जिंकून सोमवारी त्यांच्यासमोर पळी धरणं मला जमणार नाही." बूट बांधता बांधता म्हणाली, "शायनाला विचारू नकोस मात्र. ती हो म्हणेल, आणि तिचं चुकणार नाही."

पंचबाईंच्या खोलीत टॅब्लेट पुढे आला. "कर्णधार, काही हरकत?" वाल्मेरची कर्णधार शेजारीच, च्युइंगम चघळत. एदमों माझ्या मागे. त्याचा श्वास ऐकू येत होता.

"नाही," म्हटलं. सही केली.

पहिला अर्धा तास ०–० टिकलो! मग धबाधबा. मला काही वाटलं नाही. लाज वाटायला हवी होती, पण मी तिलाच बघत होते. डावीकडून चढते, परत येते, पुन्हा चढते. लहानपणी गल्लीत पळायची तशीच, डावा हात जरा बाहेर काढून. प्रेक्षक माझ्या नावाने ओरडत होते, "ल्युदी, चेंडू तिकडे आहे!"

दुसऱ्या अर्ध्यात त्यांचा कॉर्नर. ती थेट माझ्यासमोर येऊन उभी राहिली, गोलकीपरला अडवायला उभ्या राहतात तशी. हातभर अंतर. तिच्या घामाचा वास आला. सव्वादोन वर्षं मनात किती वाक्यं घोकली होती! माफ कर. चुकले. घरी ये. आणि तोंडातून काय निघालं?

"मोजे वर कर."

तिने वाकून मोजे वर केले. आधी उजवा, मग डावा.  चेंडू आला, माझ्या डोक्यावरून गेला. चौथा गोल.

सामन्यानंतर रांगेत हस्तांदोलन. तिचा हात थंड होता, मी हातमोजा काढलाच नव्हता. गाढवासारखी! सव्वादोन वर्षांनी हातात हात आणि मध्ये रबर.

पाहुण्यांना सामन्यानंतर खाऊ घालायची आमची रीत. सकाळी उठून सहा साखरेच्या टार्ट केल्या होत्या, दोन तिच्या आवडीच्या — कडा करपवलेल्या. वाल्मेरवाले थांबलेच नाहीत. डब्यातला थंड पास्ता बसमध्ये खातात म्हणे. बस चर्चच्या वळणावरून गेली तेव्हा मी हातात ताट घेऊन उभी होते.

शायना बाकावर बसून रडत होती. "आपल्याला पुन्हा असं कधी मिळणार?" तिच्याजवळ बसले. सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. तिला टार्ट दिली.

सोमवार, १३ जानेवारी

कापडं परत नेऊन दिली. एंडाइव्हच्या दोन रांगा थंडीने गेल्या. मालक म्हणाला, "पण अर्धा तास ०–० होतं ना!"

संध्याकाळी शायनाच्या बेकरीत जाऊन सगळं सांगितलं. ईमेलपासून. काउंटरपलीकडून ऐकत राहिली. मग म्हणाली, "तुमचा राग आलाय मला." म्हटलं, यायलाच हवा. "गुरुवारी सरावाला येईन. पण आज बोलायचं नाहीये." पाव घेतला, निघाले.

घरी शांत. आता वाट बघायलाही काही उरलं नाही.

मंगळवार, १४ जानेवारी

आपोलिनचा मेसेज —

"आई, रविवारी मला तीन कार्डांची बंदी होती. मला माहीत होतं. ऑफिसला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मला घरीच ठेवलं असतं, आणि मला तुला बघायचं होतं. आज त्यांना कळलं. जूनमध्ये करार संपेल तो संपेलच. रागावू नकोस."

खाण तशी माती! हसू का रडू? दोन्ही झालं.

फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला.