तीस मीटर खोल ‘काहून’

धरमपेठ, नागपूर
२० फेब्रुवारी

तीर्थस्वरूप कृष्णकांतदादांस,

अरुंधतीचा नमस्कार. (साष्टांग समजून घ्यावा. माझी कंबर आता समुद्रातच वाकते, जमिनीवर नाही.) तुमचा गुडघा, वहिनींचं बीपी आणि अमरावतीच्या गच्चीवर येणारी तुमची माकडं, सर्व क्षेम असावं. वडीलधाऱ्यांना पत्रात ‘तुम्ही’ लिहावं असं आईनं शिकवलं होतं, ते लिहून झालं. आता भांडायचं आहे, आणि मामेभावाशी ‘तुम्ही’ म्हणून भांडता येत नाही. फोन मुद्दामच केला नाही. फोनवर तू मध्ये बोलतोस. पत्रात तुला शेवटपर्यंत गप्प बसावं लागेल, हा पहिला विजय माझा.

तर, तुझा तो मेसेज. ‘तीस वर्षं स्वयंपाक केलेल्या बाईला कोणी होम सायन्सची डिग्री विचारतं का?’ वाचून मी टाळ्या वाजवल्या होत्या, हे कबूल करते. तेरा वर्षांपूर्वी आपण दोघं अंदमानला सहज म्हणून गेलो, हवेच्या टाक्या पाठीवर बांधून पाण्याखाली उतरलो आणि वर आलो ते वेडे होऊनच. तेव्हाच्या चार दिवसांच्या कोर्सच्या कार्डावर आजवर चौऱ्याहत्तर बुड्या झाल्या. मागच्या वर्षी तुझी हवा संपत आली तेव्हा तुला वर कोणी आणलं? (नात्यात कोणालाही विचार, माझंच नाव सांगतील. मीच सांगितलं आहे.) असं असताना या डिसेंबरात बोटीवरचा तो दाढीवाला मॅनेजर आपली कार्डं उलटसुलट करून म्हणतो, बुडालेलं जहाज सव्वीस मीटरवर आहे आणि आजी, तुमचं कार्ड अठराचं. आजी! मी त्याला इंग्रजीत असं काही सुनावलं, की त्यानं दोनदा सॉरी म्हटलं आणि तरीही नेलं नाही. तू किनाऱ्यावर भजी खात जाहीर केलंस, की वरचे कोर्स म्हणजे कार्डं खपवायचा धंदा. मीही भजी खात होते, म्हणून तेव्हा बोलले नाही.

घरी येऊन विचार केला. कोर्समध्ये काही नसतं हे सिद्ध करायचं, तर तो करून दाखवणं हाच उपाय. मी तुला तसं कळवलं, तर तुझं उत्तर काय? ‘तू तीस मीटरवर जाणार, मी अठरावर राहणार. आपली जोडी मोडली म्हणून समज.’ पाण्याखाली कोणी एकट्यानं जात नाही, दोघांनी एकमेकांवर नजर ठेवायची असते, हे मान्य. पण जोडी मोडायची धमकी मला नवऱ्यानंही कधी दिली नव्हती. (त्याला पोहता येत नव्हतं, ही गोष्ट वेगळी.) एवढं वाचल्यावर मी त्याच दिवशी बेशाला जाऊन नाव घातलं.

हो, बेसा, आपल्या नागपूरच्या वेशीवरचं. समुद्रापासून आठशे किलोमीटरवर, मंगल कार्यालयाच्या मंडपवाल्याच्या गोदामावर, दुसऱ्या मजल्यावर हा वर्ग भरतो. शिकवणारी मोनाली नरखेड तालुक्यातल्या संत्र्याच्या बागायतदाराची मुलगी, पोहायला शिकली ती बागेतल्या विहिरीत. पहिल्याच दिवशी म्हणाली, ‘मॅडम, तुम्ही एवढ्या अनुभवी, मंग कोर्स काहून करून राहिल्या?’ मी तिला सांगितलं, की करून राहिल्या नाही, करता आहात. आणि काहून नाही, का. तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं, चूक ऐकली की हात लाल पेन शोधतो. तुला आठवतं ना, कॉन्व्हेंटमध्ये एकदा तोंडातून ‘मले’ निघालं म्हणून सिस्टरनं मला पूर्ण तासभर बाकावर उभं केलं होतं? त्या दिवसानंतर माझ्या तोंडून वऱ्हाडी शब्द निघालेला नाही. मोनाली शांतपणे म्हणाली, ‘पाण्याखाली कोणी बोलतच नाही मॅडम. टेन्शन काहून घेऊन राहिल्या?’ वर्ग हसला. मी नाही.

लेखी परीक्षेत पन्नासातले एकोणपन्नास. पन्नासाव्या प्रश्नाचं इंग्रजीच संदिग्ध होतं. मी फळ्यावर त्या वाक्याची चिरफाड करून दाखवली आणि तोही गुण घेतला. मग अंदमान. होकायंत्र धरून पाण्याखाली चौकोन आखायचा आणि निघालो तिथंच परत यायचं, अशी परीक्षा होती. मी मोनालीपासून हातभर अंतरावर परत आले. पुण्याचे एक पस्तिशीचे कॉम्प्युटरवाले गृहस्थ (घड्याळ असं, की त्यात सगळं दिसतं, फक्त दिशा सोडून) दुसऱ्याच बोटीच्या शिडीवर सापडले, तिथल्या लोकांनी त्यांना चहासुद्धा दिला. तेव्हा मला तुझी फार आठवण झाली. एवढा विजय आणि टाळी द्यायला कोणी नाही.

आता मुख्य गोष्ट सांगते, आणि तू अमरावतीत हसलास तर मला इथं नागपुरात ऐकू येईल. तीस मीटरच्या बुडीआधी मोनालीनं बोटीवर प्लास्टिकच्या पाटीवर गणित घातलं, चौदा गुणिले सात. मी तीन सेकंदांत अठ्ठ्याण्णव लिहिलं आणि विचारलं, हे काय बालवाडीचं? ती म्हणाली, खाली पुन्हा करू. खाली पोचलो. तिनं जाळीच्या पिशवीतून आपल्या बागेतलं संत्रं काढलं. दादा, संत्रं मातकट! जुन्या बटाट्यासारखं! खोल पाण्यात लाल-नारिंगी रंग पोचतच नाहीत म्हणे. नागपूरची सगळी इभ्रत तिच्या तळहातावर बटाटा होऊन बसली होती. मग तिनं टॉर्च लावला आणि ते संत्रं असं पेटलं, की मला रडूच आलं. (मास्कच्या आत रडणं फार गैरसोयीचं.) लगेच तिनं पाटी पुढे केली. सोळा गुणिले सहा. मला फार छान वाटत होतं. सोळा हा आकडा जरा आगाऊ आहे असं वाटलं, सहा बिचारा साधा. मी अगदी विचार करून उत्तर लिहिलं आणि ऐटीत पाटी परत दिली. मोनाली इतकी हसली, की तिच्या मास्कमध्ये पाणी शिरलं. वर आल्यावर मी वाचलं. स्वच्छ, कॉन्व्हेंटच्या वळणदार अक्षरात मी लिहिलं होतं: ‘मले काहून विचारून राहिली? तूच सांग वं.’

खोल गेलं, की हवेतला नायट्रोजनच डोक्यात चढतो, न पिता झिंग येते. आठ-दहा मीटर वर आलो, तर डोकं लख्ख आणि उत्तर शहाण्णव. हे मला चौऱ्याहत्तर बुड्यांत कळलं नव्हतं, कारण आपण एकच बुडी चौऱ्याहत्तर वेळा मारली, दादा. तुझ्या त्या स्वयंपाकीणबाईनं तीस वर्षं फक्त वरण-भात केला आहे. त्या मॅनेजरनं आपल्याला तसंच सव्वीस मीटरवर सोडलं असतं, तर मी हवेच्या काट्यालाही ‘तूच सांग’ म्हटलं असतं.

असो. कार्ड आलं. फोटो बरा नाही, पण ‘तीस मीटर’ ही अक्षरं फार देखणी आहेत. मॅनेजरला मी त्याची प्रत पाठवली आहे, ‘आजीकडून’ असं लिहून. वहिनींना नमस्कार, माकडांना धाक.

तुझी,
अरुंधती

ता. क. ती पाटी मोनालीनं पुसली नाही. बेशाच्या वर्गात भिंतीवर टांगली आहे. नवी मुलं तिच्यासोबत फोटो काढतात. मी हरकत घेतलेली नाही. खाली शुद्धलेखन मात्र अचूक होतं, एवढं सर्वांना सांगते.

ता. क. २. जोडीत ज्याचं कार्ड उथळ, त्याच्याइतकंच दोघांनी उतरायचं, असा नियम आहे. म्हणजे तुझ्यामुळे माझे तीस मीटर पुन्हा अठरा. मोनाली मला जोडीला ते पुण्याचे गृहस्थ देत होती. मी म्हटलं, मला चहाला नाही जायचं. नवी बॅच शनिवारी आहे. तुझं नाव घातलं आहे. डॉक्टरांचा फॉर्म सोबत जोडला आहे, गुडघ्याबद्दल खरं लिही.

ता. क. ३. आता खरं मीही लिहिते. मागच्या वर्षी कासव आलं तेव्हा तू मूठ छातीवर ठेवलीस. मला वाटलं, कासव पाहून तुझं मन भरून आलं. म्हणून मीही हात छातीवर ठेवला आणि मान डोलावली. तू पुन्हा मूठ ठेवलीस, मी पुन्हा डोलावली. तुला वर मी नाही, शेजारच्या जोडीच्या गाइडनं आणलं. मी नात्यात उलटं सांगत फिरले आणि तू एकदाही खोडून काढलं नाहीस. बेशाच्या पहिल्याच धड्यात खुणांची उजळणी झाली. मूठ छातीवर, म्हणजे हवा कमी. तेरा वर्षांपूर्वी शिकलेली खूण, दादा; कधी गरज पडली नाही आणि मी विसरून गेले. त्या दिवशी वर्गात मी एकही चूक सुधारली नाही.

पुढच्या वेळी तू मूठ ठेवशील तेव्हा मी मान डोलावणार नाही. शनिवारी येतोस का, कळव. येत नसशील तर काहून, तेही.