आमच्या विहिरीचा एक थेंब

तळेगाव ढमढेरे

तीर्थरूप गोकुळमामांच्या पायाशी पूनमचा नमस्कार. कुरकुंभच्या कंपनीतल्या पाळ्यांमधून जेवण वेळेवर होतंय ना? मामींची कंबर कशी आहे? आम्ही मजेत आहोत, म्हणजे परवापर्यंत होतो.

झालं असं, वर्गात मुलांना दाखवण्याआधी सुट्टीत सराव करावा म्हणून मी आमच्या शाळेतला सूक्ष्मदर्शक घरी आणला. (मुख्याध्यापकांना विचारून. साधारण.) खिडकीशी मांडला, आरशानं ऊन वर घेतलं आणि सासऱ्यांना, म्हणजे आप्पांना, कौतुकानं सांगितलं, की साडेतीनशे वर्षांपूर्वी हॉलंडात लेव्हेनहूक नावाचा कापडवाला होता, त्यानं स्वतः घडवलेल्या एवढ्याशा भिंगातून पाण्यातले जीव पाहिले, आणि लोकांना खरं वाटेना म्हणून बिचाऱ्याला गावातल्या मोठ्या माणसांच्या साक्षी गोळा कराव्या लागल्या. आप्पा म्हणाले, त्याच्या गावचं पाणी घाण असंल, आमच्या विहिरीचं बघ. आणि स्वतः तांब्या भरून आणला.

थेंब काचेवर, काच मंचावर. नेत्रिकेला डोळा लावताच आप्पा ओरडले, बांबूचं बेट दिसतंय! (त्यांच्याच पापण्यांचे केस.) मग मी मोठ्या स्क्रूनं नळी जुळवली, बारीक स्क्रू त्यांच्या हातात दिला, आणि थेंबातले वळवळणारे जीव त्यांना दिसले. म्हणाले, हे तुझ्या नळीतलेच हायेत. मी उकळून गार केलेलं पाणी दाखवलं. त्यात काही हललं नाही.

मग त्यांनी विचारलं, "ह्यानं पोर दगावतं?" मी खरं तेच सांगितलं: दिसतात ते बहुतेक निरुपद्रवी, रोगाचे याहून बारीक, पण तेही असल्याच पाण्यातून येऊ शकतात. मामा, चाळीस वर्षांपूर्वी आप्पांची थोरली मुलगी ज्ञानेश्वरी, चार वर्षांची, हगवणीनं गेली. सासूबाईंनी ताक पाजलं म्हणून गेली, असं आप्पा तेव्हापासून म्हणत आलेत. या घरात पुन्हा ताक झालं नाही. आप्पा उठून स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. "अगं, ताकानंच गेली असं न्हाई. म्या उगाच बोलत आलो." सासूबाईंच्या तव्यावरची भाकरी काळी होईपर्यंत तशीच राहिली.

तुमची भाची,
पूनम

ता. क. या गडबडीत आप्पांच्या जड हातानं वस्तुभिंग काचेवर आदळून तडकलं. तुमच्या कंपनीच्या प्रयोगशाळेत चाळीसपटीचं एखादं मोडीत निघालं असेल, तर रीतसर विचारून सोमवारी शाळा उघडायच्या आत पाठवा.

ता. क. दुसरा. हात माझा होता. सासूबाई म्हणाल्या, मला बी दाव; माझे डोळे भरलेले, अंदाज चुकला. आप्पा म्हणाले, माझंच नाव सांग, दोष घ्यायची मला बी सवय होऊ दे.